विलंबाचा रकाना

गाडीचा वेग दाखवणारे मीटर कसे चालते, हे मी सातवीच्या वर्गाला बरीच वर्षे शिकवले. प्रथम फळ्यावर चाक काढायचे. चाकाशी जोडलेल्या दंतचक्रातून एक लवचीक तार निघते आणि ती एका नळीत बसवलेली असते, हे सांगायचे. चाक फिरले की नळीतली तार स्वतःभोवती फिरते आणि दुसऱ्या टोकाला, चालकासमोरच्या तबकडीत, एक लहानसे लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकाच्या ओढीने काटा सरकतो. काटा आणि चुंबक एकमेकांना कोठेही टेकलेले नसतात. येथवर आले की वर्गातले कोणीतरी विचारी, "टेकलेले नाहीत, तर काट्याला कळतं कसं?" प्रश्न चांगला आहे, असे म्हणून मी उत्तराकडे वळत असे.

ही माहिती मला पुस्तकातून मिळाली नव्हती. उत्रोलीला आमच्या घरासमोर भाताचे खळे होते. त्या खळ्यात, दादांच्या जीपखाली गोणपाटावर उताणा पडून मी ती मिळवली होती. वर्गात मी याचा उल्लेख कधी केला नाही. आता शाळाही मागे पडली आणि दादाही नाहीत, तेव्हा जे घडले ते क्रमाने लिहून ठेवतो.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले आणि शिक्षकाच्या प्रशिक्षणापर्यंत मला दादांनीच शिकवले. ते फौजेत चालक होते. तोफा ओढणाऱ्या गाड्या त्यांच्याकडे असत. गाडी तोफेपासून फार लांब ठेवता येत नाही, एवढेच ते त्या नोकरीबद्दल सांगत. पंधरा वर्षांनी ते घरी आले आणि थोड्याच दिवसांत लष्कराने मोडीत काढलेली एक जीप लिलावात घेऊन आले. साठच्या दशकाची ती शेवटची वर्षे. भोरपर्यंत जीप एका ट्रकला बांधून आणली आणि भोरपासून उत्रोलीपर्यंत दोन बैलांनी ओढली. वेशीवर बसलेल्या एकाने विचारले, "फौजी, चार चाकांचा नांगर आनला व्हय?"

"व्हय," दादा म्हणाले. "ह्याला बैल लागत न्हाईत. आज तेवढं लागलं."

तो पावसाळाभर दादांनी ती जीप सुटी केली आणि पुन्हा जुळवली. प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन क्रमाने गोणपाटावर मांडायचा, उलट्या क्रमाने परत बसवायचा. माझ्या पाहण्यात तेवढा शिस्तीचा विद्यार्थी दुसरा आला नाही. इंजिन चालू झाल्यावर ते लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवीत आणि लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकत. पेचकसाच्या दांड्यातून आतला आवाज वर येतो. डॉक्टर छातीला नळी लावतो तसेच ते होते. "पयला आणि चौथा सिलिंडर बरूबर हाय," असे काहीतरी ते म्हणत आणि पाना उचलत. त्यांचे निदान चुकले, असे मी पाहिले नाही.

जीप धावू लागली, पण वेगाचे मीटर बंदच राहिले. तबकडीची काच फुटलेली होती आणि काटा शून्यावर पडून होता. मी दोनदा सुचवले की हेही दुरुस्त करून टाकावे. दादा म्हणत, "कशाला पायजे? इंजिन सांगतं की. दुसरा टाक म्हनतं, तिसरा टाक म्हनतं. आपून फकस्त ऐकायचं." खरोखरच ते ऐकून गाडी चालवत. गिअर बदलताना धक्का म्हणून बसत नसे. मागे बसलेल्या आजारी माणसाची झोपही मोडत नसे.

आजारी माणसाचा उल्लेख सहज आलेला नाही. ती जीप मुख्यतः आजारी माणसांसाठीच होती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरांच्या वाड्या होत्या. तेथून अडलेली बाई किंवा तापाने फणफणलेले मूल खाली आणायचे, तर चादरीची झोळी करून चार माणसांनी खांद्यावर आणावे लागे. तेथून पुढे नसरापूरमार्गे भोरच्या दवाखान्यापर्यंत आणखी निम्मा दिवस जाई. दादांची जीप बैलगाडीच्या वाटेने वाडीच्या खालच्या पठारापर्यंत चढे. निरोप आला की ते हातातला घास खाली ठेवून उठत.

या कामाचा दादांना काय अर्थ होता, हे मला वहिनींकडून कळले. त्याच वाड्यांच्या वाटेवर आमच्या वडिलांना कधीकाळी वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेऊन प्यावे लागले होते. आम्ही तेव्हा बौद्ध झालेलो नव्हतो आणि वडिलांना दुसरे काही अपेक्षितही नव्हते. आता त्याच ठिकाणी दादांसाठी घोंगडी अंथरली जाई आणि दुधाचे भांडे हातात मिळे. दादा याविषयी कोणाजवळ बोलले नाहीत. एकदाच वहिनींना म्हणाले होते, "बाबा असता तर त्याला गाडीत पुढं बसवून वर नेला असता." त्यांना मूलबाळ नव्हते. जीप त्यांच्या हातून गेली तर मागे काय उरेल, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

तिसऱ्या वर्षी भात झोडून झाल्यावर, एका दुपारी जेवताना दादा म्हणाले, "मास्तर, औंदा मीटर चालू करूया."

ते मला मास्तरच म्हणत. त्यात थोडी थट्टा आणि बराच अभिमान असे.

मी हसून विचारले, "का? इंजिन बोलायचं बंद झालं काय?"

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. जरा वेळाने म्हणाले, "म्हातारं झालंया. बारीक बोलतंया."

वहिनी भाकरी वाढता वाढता थांबल्या आणि मग त्यांनी वाढली. मला मात्र आनंद झाला. इतक्या वर्षांनी दादांना अचूक आकड्याचे महत्त्व पटले, असे मला वाटले. शिक्षकाला असा आनंद फार सहज होतो.

पुढचे चार रविवार आम्ही त्या कामाला दिले. प्रथम नळीतली तार ओढली, तर तिचे दोन तुकडे हातात आले. तबकडीच्या आतले चक्रही गंजलेले होते. म्हणून दुसऱ्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. सुट्या भागांच्या ढिगामागून विक्रेत्याने विचारले, "गाडी कोणती, पाव्हनं?" दादा ढीग चाळत राहिले. त्याने पुन्हा विचारले, तेव्हा मीच उत्तर दिले. घासाघीस करण्यापूर्वी गिऱ्हाइकाने असे न ऐकल्यासारखे करायचे असते, अशी मी समजूत करून घेतली आणि ही युक्ती आपल्यालाही साधली पाहिजे, असे मनात म्हटले.

विक्रेता तार हातात देत म्हणाला, "ही विमानाला बी चालंल."

दादा त्याच्याकडे पाहत होते. म्हणाले, "मग विमान दावा आदी."

तार हातभर जास्तच लांब निघाली. तिचा एक सैलसा वळसा घेऊन ती बसवली. तिचे चौकोनी टोक खाचेत जात नव्हते, ते दादांनी कानशीने घासून बसते केले. तबकडी दुसऱ्याच कोणत्यातरी गाडीची होती, तिच्यासाठी पत्र्यात भोक वाढवावे लागले. तिसऱ्या रविवारी मागची चाके ओंडक्यांवर उचलून इंजिन चालू केले. काटा थरथरला, उडाला, खाली पडला. तार बाहेर काढून तिला ग्रीस चोळले. मग तो सावकाश वर गेला आणि विसाच्या आकड्यापाशी स्थिर उभा राहिला. मी जीपखालून ओरडलो, "आला का?" उत्तर आले नाही. मी बाहेर आलो. दादा काट्याकडे टक लावून बसले होते. मला पाहून म्हणाले, "हालत न्हाई बग. तिथंच हाय."

त्याच वेळी त्यांनी पेचकस उचलून इंजिनावर टेकवला. या खेपेस मूठ कानाला लावली नाही, दातांत धरली. मी कारण विचारले. "असं चांगलं कळतं," एवढेच ते म्हणाले. हे शास्त्राला धरूनच आहे. दात आणि जबड्याच्या हाडांतून कंप थेट आतल्या कानापर्यंत जातो. मी त्यांना तेव्हाच हे समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, निदान मला तसे वाटले.

चौथ्या रविवारचे काम माझे होते. परकी तबकडी खरा वेग दाखवणार नाही, हे उघड होते. ती किती चुकते हे मोजून दुरुस्तीचा तक्ता करायचा होता. भाटघरजवळच्या रस्त्यावर मैलांचे दगड काढून नव्याने किलोमीटरचे दगड बसवले होते आणि मधे दोनशे मीटरवर ठेंगणे दगड होते. त्यामुळे कामाची सोय झाली. मी वहीत रकाने आखले. दादांनी काटा एका आकड्यावर धरायचा. प्रत्येक ठेंगण्या दगडाशी मी "हां" म्हणायचे आणि घड्याळ पाहायचे. "हां" ऐकताच दादांनी काट्याचा आकडा मोठ्याने सांगायचा, म्हणजे काटा मधे ढळला का, हेही कळेल.

पहिल्या फेरीत पाच वेळा "हां" म्हटले आणि तीनच आकडे मिळाले. तेही उशिरा. दुसरी फेरी तशीच गेली. मी मोठ्याने म्हणू लागलो, तरी फार फरक पडला नाही. मोजमापात अडचण आली तर चिडू नये, अडचणच मोजावी, असे आम्हाला शिकवलेले होते. मी वहीत एक जास्तीचा रकाना आखला आणि त्यावर 'विलंब' असे लिहिले. मग एक कल्पना सुचली. "हां" म्हणण्याऐवजी मी दादांच्या खांद्यावर बोटाने टकटक केले. आकडा तत्काळ आला. पुढच्या फेरीत पाचच्या पाच आकडे वेळेवर आले. फारच समाधान वाटले. त्या पानाच्या खाली मी निष्कर्ष लिहिला तो असा:

'तोंडी सूचना: उत्तरास सरासरी तीन सेकंद विलंब, काही वेळा उत्तर नाही. स्पर्शाने सूचना: विलंब नाही. कारण: चालकाचे लक्ष काट्यावर एकवटलेले असते. तरी स्पर्शाची पद्धत अधिक ग्राह्य.'

दुसऱ्या दिवशी मी हा अनुभव वर्गात सांगितला. निरीक्षणाची पद्धत कशी सुधारावी, याचे उदाहरण म्हणून.

फेऱ्या संपल्यावर दादांनी वही मागून घेतली होती. त्यांनी ते पान बराच वेळ वाचले. वही परत देताना माझ्या पाठीवर हात ठेवला. असे ते सहसा करत नसत.

काटा वीस मैलांवर असता गाडीला एक किलोमीटर जायला सव्वादोन मिनिटे लागत होती. म्हणजे खरा वेग ताशी सुमारे पावणेसत्तावीस किलोमीटर होता. काटा पाचव्या हिश्शाने फुगवून सांगत होता. असे सर्व आकडे मी जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून तक्ता केला आणि तबकडीशेजारी खळीने चिकटवला. दादा म्हणाले, "कुटल्या आकड्याला कुटला गिअर, त्ये बी लिव खाली." मी लिहिले. दुसरा, तिसरा, प्रत्येकासमोर आकडा. ज्या माणसाला इंजिन सांगत असे, त्याला आता कागद का हवा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी ओळी सरळ येण्याकडे लक्ष देत होतो.

त्या हिवाळ्यात जीपने बरीच माणसे खाली आणली. गिअर बदलताना आता किंचित धक्का बसे, पण गाडी जुनी झाली असे सारे म्हणत. घरातही काही बदल मला दिसले होते आणि मी त्यांचा भलताच अर्थ लावला होता. वहिनी पूर्वी चुलीपाशी बसून दादांना हाक मारीत. आता त्या उठून बाहेर येत आणि त्यांच्या खांद्याला हात लावून जेवायला बोलावीत. लग्नाला बरीच वर्षे झाली की नवराबायकोत अशी माया वाढते, असे मला वाटे.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. रविवार होता म्हणून मीही दादांबरोबर वेल्ह्याच्या वर गेलो होतो. एका धनगराच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे होते. पठारावर जीप वळवण्यासाठी ती थोडी मागे घ्यावी लागे, कारण पुढे उतार होता. मी खाली उतरून गाडीच्या मागे डाव्या अंगाला उभा राहिलो. एरवी मी हाताने खूण करीत असे. त्या दिवशी धुळीमुळे नाकाला रुमाल धरला होता, एका हातात म्हातारीचे गाठोडे होते, म्हणून तोंडानेच म्हणू लागलो. "या. या. अजून या."

तेवढ्यात कळपातले एक करडू जीपच्या मागे आले आणि त्याला धरायला त्या धनगराची चार-पाच वर्षांची मुलगी धावली.

"थांबा," मी म्हणालो. मग ओरडलो. धनगर ओरडला, त्याची बायको ओरडली, वरच्या खडकावरून कोणी गुराखी ओरडला. जीप शांतपणे मागे येत राहिली. आईने मुलीचा दंड धरून तिला ओढले आणि दोघी पडल्या. चाकाखाली काही आल्याचे दादांना धक्क्याने कळले, तेव्हा त्यांनी गाडी थांबवली.

ते उतरून मागे आले. करडाकडे पाहत वाकले. धनगर त्यांच्या बाजूला उभा राहून म्हणाला, "पाव्हनं, समदा डोंगर वरडतुया. त्ये कान हायती का नुसती भोकं?"

दादांची नजर खालीच होती. कोणीतरी काही विचारले, एवढे त्यांना जाणवले असावे. ते म्हणाले, "व्हय, व्हय. म्हातारीला जागा हाय. मागं आडवं घेऊ तिला."

धनगराने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याचा राग उतरत गेलेला मला दिसला. तो हळू आवाजात मला म्हणाला, "मास्तर, ह्यास्नी ऐकूच येत न्हाई व्हय? आदी सांगायचं न्हाई का?"

मला सांगता आले असते, जर ठाऊक असते. आणि ठाऊक होते असेही म्हणता येईल, कारण मी ते सेकंदात मोजून लिहून ठेवले होते.

म्हातारीला आम्ही भोरला पोहोचवले. पुढे ती बरी झाली. परतीच्या वाटेवर मी दादांच्या शेजारी बसलो होतो आणि माझा हात त्यांच्या खांद्यावर होता. वळणावर मागून मोटार आली की मी दोनदा टकटक करी आणि ते गाडी डावीकडे घेत. एकदाही चूक झाली नाही.

घरी आल्यावर मी वहिनींना विचारले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, मला दोन वरसं ठावं हाय. तोफांनी खाल्ले त्येंचे कान. आदी थोडं हुतं, मग वाढलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्ये म्हनले, मास्तरला ठावं हाय. त्येनं वहीत लिवलंय."

मी वही आणली आणि ते पान उघडले. दादा कधी दारात येऊन उभे राहिले, ते मला कळले नाही. ते जवळ बसले आणि 'विलंब' या शब्दावर बोट ठेवले.

"ह्ये मी तवाच वाचलं," ते म्हणाले. "म्हनलं, मास्तरनं पकडलं. मग तू काई बोललाच न्हाईस. मला वाटलं, समजून गप बसलास. लई बरं वाटलं, खरं सांगतो."

मला समजले नव्हते, असे सांगितले असते तर त्यांच्या मनातला माझा तो चांगुलपणाही त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखे झाले असते. मी मान हलवली. आयुष्यात मी जे थोडे असत्य आचरले, त्यात ही मान हलवणे येते.

त्याच महिन्यात दादांच्या वाहन परवान्याचे नूतनीकरण होते. अर्ज भरायचे काम माझे असे. गावातले बहुतेक सगळे अर्ज मीच भरत असे. त्यात शरीरप्रकृतीविषयी प्रश्न होते. दृष्टी, हात, पाय, झटके. आणि एक प्रश्न असा की, अर्जदारास बहिरेपणा आहे काय. मागच्या खेपेस तेथे मी न विचारताच 'नाही' लिहिले होते.

दादा समोर बसले होते. मी मान वर करून, त्यांना ओठ दिसतील असा, तो प्रश्न वाचून दाखवला.

ते म्हणाले, "न्हाई लिव."

मी लेखणी उचलली नाही.

"मीटर हाय आता," ते म्हणाले. "तुजा तक्ता हाय. तू संगं असलास की टकटक करशील. नसलास तर तुजी वहिनी यील, तिला शिकवतो. माणसं वर पडून ऱ्हात्यात रं, त्येंचं काय?" मग म्हणाले, "तुज्या अक्षरावर कुनी शंका घ्यायचं न्हाई."

हे खरे होते. माझ्या अक्षरावर कोणी शंका घेतली नसती. मला ती मुलगी दिसत होती. तिची आई अर्ध्या क्षणाने उशिरा हलली असती, तर काय झाले असते, ते दिसत होते. आणि वर पडून राहणारी माणसेही दिसत होती. दोन्ही बाजू मांडून उत्तर काढावे, असे मी मुलांना सांगतो. त्या दिवशी उत्तर निघाले ते कोणत्या बाजूने, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी 'होय' लिहिले. नेहमीच्याच अक्षरात, रेघेला धरून.

दादांनी तो शब्द उलट्या बाजूने वाचला. मग ते उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. तो अर्ज आम्ही पाठवलाच नाही. पाठवण्याची गरज उरली नव्हती.

पुढचे आधी सांगून टाकतो. दादा त्यानंतर नऊ वर्षे जगले. भातशेती केली, भोरच्या एका गॅरेजमध्ये अधूनमधून हात लावायला जात. माझ्याशी त्यांनी अबोला धरला नाही, रागाचा शब्दही काढला नाही. फक्त मला मास्तर म्हणणे सोडले आणि माझ्या पाळण्यातल्या नावाने हाक मारू लागले. वहिनींना त्यात माया दिसली. मला दिसली नाही. पहिल्याच पावसाळ्यात वेल्ह्याच्या वरून एक माणूस जीप मागायला आला होता. जीप नाही, हे ऐकून तो चहा न घेताच परत गेला. त्याच्या घरी कोण आजारी होते, हे मी विचारले नाही. अलीकडे वाचनात आले की, ऐकू न येणाऱ्यांनाही आता काही अटींवर वाहन चालवण्याचा परवाना मिळू शकतो. ती बातमी मी कापून त्याच वहीत, त्याच पानावर ठेवली आहे.

राहिला जीप जाण्याचा दिवस. पानशेतकडचे एक दुकानदार ती घ्यायला आले होते. दादांनी सकाळी ती धुतली, नळीतल्या तारेला पुन्हा ग्रीस चोळले. दुकानदारांनी इंजिन चालू केले, तेव्हा दादा पुढे गेले. पेचकस इंजिनावर टेकवला, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. दुकानदार माझ्याकडे पाहू लागले. वहिनी दारातून आत गेल्या.

दादांनी पेचकस काढला आणि मूठ धोतराला पुसली. "दुसऱ्या सिलिंडरचा वॉल्व वाजतुया," ते म्हणाले. "बगून घ्या महिन्याभरात."

दुकानदार चालकाच्या जागी बसले होते. तबकडीशेजारच्या कागदाचे टोक नखाने उचकटत त्यांनी मला विचारले, "हे काय चिकटवलंय? काढलं तर चालेल ना?"

ते शब्द दादांना ऐकू येणे शक्य नव्हते. पण नख कोठे आहे, ते त्यांना दिसले. त्यांनी हात पुढे करून कागदाचे टोक अंगठ्याने परत दाबून बसवले.

"ऱ्हाऊ द्या त्ये," ते म्हणाले. "माज्या भावानं केलंय. त्याचा आकडा चुकत न्हाई."